दाद आणि दुरुस्ती: कवींच्या मेळ्यातील थट्टा आणि परखड अभिप्राय यांची पार्श्वभूमी

मराठीत 'दाद' हा शब्द दोन निरनिराळ्या प्रसंगी येतो. चांगली ओळ ऐकली की आपण दाद देतो आणि अन्याय झाला की दाद मागतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय असा आहे. तो ध्यानात घेतला म्हणजे कवीला दाद देणे हे केवळ कौतुक राहत नाही. त्याच्या ओळीच्या वाट्याचे जे असेल ते तिला देणे, मग ते मान डोलावणे असो वा 'येथे यती (ओळीतला ठरलेला विराम) मोडला' असे सांगणे असो, असा त्याचा अर्थ होतो. कवी जेथे जेथे एकत्र जमले, तेथे थट्टामस्करी आणि परखड अभिप्राय ही दोन्ही एकाच बैठकीत नांदत आलेली दिसतात. खरा दोष कवीच्या कानी पडावा आणि तरीही तो रुसून उठून जाऊ नये, यासाठी निरनिराळ्या भाषांतील कवींनी बऱ्याच युक्त्या योजल्या. थट्टा ही त्यांतली सर्वांत नाजूक युक्ती आहे, असे मला वाटते, आणि या टिपणाचा रोख तिच्यावरच आहे.

आपल्याकडे या विषयाचा सर्वांत सविस्तर विचार संस्कृत कवी राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात केला. नवव्या शतकाची अखेर आणि दहाव्याचा आरंभ हा त्याचा काळ. कवीची दिनचर्या सांगताना तो दिवसाचे चार प्रहर पाडतो: सकाळी अभ्यास, त्यानंतर काव्यरचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह, सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा. या परीक्षेचे त्याने दिलेले कारण आजही तंतोतंत पटते. रसाच्या आवेशात लिहीत असताना विवेक करणारी दृष्टी नसते, म्हणून नंतर तपासावे, असे तो म्हणतो. आपल्या कृतीला फार मोठे मानू नये, कारण पक्षपातामुळे गुणदोषांची उलटापालट होते, असेही तो बजावतो. याच ओघात नवे काव्य एकट्या माणसापुढे वाचू नये, असा एक अगदी व्यवहारी सल्ला येतो. उद्या त्याने ते आपलेच म्हणून सांगितले, तर साक्षीला कोणाला आणणार?

त्याने केलेले रसिकांचे, म्हणजे त्याच्या भाषेत भावकांचे, चार प्रकार तर आवर्जून वाचावेत असे आहेत. अरोचकी म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही असा; सतृणाभ्यवहारी म्हणजे गवतासकट सगळे गिळणारा, ज्याला प्रत्येक कविता सुंदरच वाटते; मत्सरी म्हणजे गुण दिसत असूनही तोंड न उघडणारा; आणि तत्त्वाभिनिवेशी म्हणजे शब्दांची गुंफण पारखणारा, सूक्तीने आनंदित होणारा, रचनेचे मर्म शोधणारा, जो हजारांत एखादाच लाभतो. कविमंडळात वावरलेल्या कोणालाही हे चौघे लगेच ओळखू येतील. यांपैकी सतृणाभ्यवहारी रसिक हा कवीला सर्वांत घातक, असे मी म्हणेन, कारण अरोचक्याशी निदान वाद घालता येतो. राजशेखराच्या दृष्टीने भावक हा कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असे सर्व काही असतो. या यादीतला 'मित्र' महत्त्वाचा आहे. आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिची वेगळी मतेही त्याने ग्रंथात नावानिशी नोंदवली आहेत. मतभेद लपवण्याऐवजी ते लिहून ठेवावेत, असे त्याला वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रोमन कवी होरेस (इ.स.पू. 65 ते 8) यानेही याच मित्राचे चित्र रेखाटले आहे. क्विंटिलियस नावाच्या आपल्या मित्राविषयी तो सांगतो की, त्याला काही वाचून दाखवले की तो 'हे सुधार, आणि हेही' असे म्हणे. दोनतीनदा प्रयत्न करूनही जमत नाही, असे कवी म्हणाला, तर ती ओळ पुसून पुन्हा ऐरणीवर घ्यायला लावी. आणि कवी दोष काढण्याऐवजी त्याचे समर्थनच करू लागला, तर त्यापुढे एक शब्दही वाया घालवीत नसे. क्षुल्लक गोष्टीसाठी मित्राला कशाला दुखवा, असे म्हणणाऱ्यांना होरेसचे उत्तर असे की, याच क्षुल्लक गोष्टी पुढे त्या मित्राला लोकांच्या उपहासात नेऊन सोडतात. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळातली एक आख्यायिका सांगतात: ची-जी या भिक्षू कवीने बहराआधी फुललेल्या मेई फुलांवरील कवितेत 'कित्येक फांद्या' असे लिहिले होते, तेथे झंग गू या कवीने 'एक फांदी' असे सुचवले, आणि 'एका अक्षराचा गुरू' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

जपानमध्ये मात्र या व्यवहाराला जवळजवळ शास्त्राचे रूप आले. नवव्या शतकापासून तेथे 'उताआवासे' या काव्यस्पर्धा होऊ लागल्या. डावा आणि उजवा असे दोन पक्ष एकाच विषयावरील एकेक कविता समोरासमोर ठेवीत आणि पंच निर्णय देई. पुढे निर्णयाबरोबर त्याची कारणेही लिहून ठेवण्याची रीत पडली आणि जपानी काव्यविचाराचा मोठा भाग या निवाड्यांतूनच घडला. 1193 च्या सुमारास झालेल्या सहाशे फेऱ्यांच्या एका प्रसिद्ध स्पर्धेत बारा कवींच्या बाराशे कविता होत्या आणि पंच होता फुजिवारा नो शुनझेई. त्याचे निर्णय न पटलेल्या केनशो या कवीने त्यांविरुद्ध रीतसर लेखी निवेदनच सादर केले. येथे दाद देणे आणि दाद मागणे हे दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात आले आहेत.

पुढे साखळीकाव्याच्या ज्या शाखेतून हायकू जन्मला, तिचे नाव 'हाइकाई', आणि या शब्दाचा अर्थच मुळी थट्टा, विनोद असा आहे. एकाने तीन ओळी रचायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन ओळी जोडायच्या, पुन्हा तिसऱ्याने तीन. बाशो (1644 ते 1694) आणि त्याचे शिष्य छत्तीस कडव्यांच्या अशा साखळ्या गुंफीत. या खेळात अभिप्राय वेगळा सांगावाच लागत नाही. माझ्या कडव्याला पुढचा कवी कसा वळण देतो, तोच त्याचा अभिप्राय असतो. हायकूकारांच्या 'कुकाई' या बैठकीची पद्धत तर त्याहून विचारपूर्वक घडवलेली आहे. प्रत्येक जण नाव न घालता आपली कविता चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठ्या मिसळून वाटल्या जातात आणि ज्याच्या हाती त्या येतात तो त्या स्वच्छ कागदावर उतरवून काढतो, जेणेकरून हस्ताक्षरावरूनही कवी ओळखू येऊ नये. मग प्रत्येक जण आवडलेल्या कविता निवडतो, त्या मोठ्याने वाचल्या जातात, आणि आपली कविता निवडली गेली की कवी आपले नाव उच्चारतो. परीक्षा होते तेव्हा कवितेला धनी नसतो आणि हसणेखिदळणे होते तेव्हा तो समोर येतो. परखडपणा आणि सलगी यांची अशी सुरेख वाटणी मला अन्यत्र दिसलेली नाही.

आपल्याकडची समस्यापूर्ती, म्हणजे दिलेल्या ओळीवरून श्लोक पुरा करणे, आणि उर्दूतला तरही मुशायरा यांचीही जातकुळी हीच. कामसूत्रातील चौसष्ट कलांत काव्यसमस्यापूरणाचा समावेश आहे, आणि तरही मुशायऱ्यात दिलेल्या मिसऱ्याच्या (ओळीच्या) जमिनीवरच, म्हणजे त्याच वृत्तात, काफियात (यमकात) आणि रदीफात (यमकानंतर तशाच येणाऱ्या शब्दांत), सर्वांना गझल बांधावी लागते. जमीन सर्वांची एकच असल्याने तुलना कारागिरीची होते. हरलेला कवी हसून पुढच्या खेपेची वाट पाहू शकतो. उर्दूत याला जोड मिळाली ती उस्ताद-शागीर्द नात्याची. शागिर्दाने गझल दाखवायची आणि उस्तादाने तिच्यावर 'इस्लाह', म्हणजे दुरुस्ती, करायची. मिर्झा गालिब (1797 ते 1869) हे काम बरेचसे पत्राने करीत. हरगोपाल 'तफ्ता' या शागिर्दाला लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत शब्दांच्या आणि फारसी वापराच्या बारीक चुका दाखवलेल्या आहेत, आणि त्याच पत्रव्यवहारात, रुसूनच बसणार की मानणारही, आणि मानायचे नसेल तर निदान रुसण्याचे कारण तरी लिहा, अशी लाडिक विचारणाही आहे. त्यांच्या पत्रांचा 'ऊद-ए-हिंदी' हा संग्रह 1868 मध्ये छापला गेला. पत्रात चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, म्हणून कोरडी दुरुस्ती अधिक बोचते. गालिबांनी हे ओळखले होते, असे ती पत्रे वाचताना सतत जाणवते.

याच परंपरेत थट्टा कशी बिघडते, हेही पाहायला मिळते. लखनौत मुघल शाहजादे मिर्झा सुलेमान शिकोह यांच्या आश्रयाला असलेल्या मुसहफी आणि इन्शा या दोन समर्थ कवींमधील वाद शब्दयोजनेवरच्या आक्षेपांपासून सुरू झाला, पण हळूहळू कविता बाजूला पडून माणसावरच निंदाकाव्ये रचली जाऊ लागली आणि प्रकरण रस्त्यावरच्या मिरवणुकांपर्यंत गेले. दोघांच्या समर्थकांनी एकमेकांवर मिळवलेल्या विजयांतून गझलेच्या पदरात काहीच पडले नाही, याचे दुःख होते.

मराठीत 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. आणि मनोरमा रानडे, वि. द. घाटे अशा मंडळींनी एकत्र जमून परस्परांच्या कविता वाचाव्या, त्यांची चर्चा करावी आणि त्या एकत्र प्रसिद्ध कराव्या, ही गोष्ट मराठी कवितेला नवी होती. वृत्ताच्या शुद्धतेविषयी माधव जूलियन किती काटेकोर होते, याची साक्ष त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ देतो. या मंडळाची सर्वांत गाजलेली थट्टा बाहेरून आली: प्र. के. अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह 1925 मध्ये निघाला. विडंबन करायचे तर मूळ कवीचे वृत्त, लकबी, लाडके शब्द आणि भाव ओसंडण्याच्या जागा अचूक हेराव्या लागतात, आणि म्हणून उत्तम विडंबन हा बारकाईने केलेला अभिप्रायच असतो. त्या कवितांनी वाचकांना हसवलेच, शिवाय कोणती लकब साचा बनली आहे, हेही दाखवून दिले.

विसाव्या शतकात अमेरिकेत आयोवा येथे 1936 पासून विद्यापीठीय लेखनकार्यशाळा सुरू झाली आणि कविता आधी वाटून मग तिच्यावर चर्चा करण्याची पद्धत पुढे जगभर पसरली. शिस्त आली, मात्र अनेक ठिकाणी चर्चा चालू असताना कवीने गप्प बसावे, असा नियमही आला. दोष ऐकून घेण्यासाठी तो उपयोगी आहे; परंतु टोल्याला प्रतिटोला देण्याची जी मोकळीक जुन्या बैठकींत होती, ती त्यात आक्रसली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ती मोकळीक किती फलदायी असते, हे एका हस्तलिखितावरून कळते. टी. एस. एलियट यांच्या 1922 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द वेस्ट लँड' या कवितेचा मूळ खर्डा बराच मोठा होता. त्यांचे कविमित्र एझरा पाउंड यांनी त्यावर काट मारीत, समासात रोखठोक शेरे लिहीत तो जवळजवळ निम्म्यावर आणला. ते कागद पुढे अनेक वर्षे दृष्टिआड होते. 1971 मध्ये छायाप्रतींसह ते प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे वाचकांना ही काटछाट डोळ्यांनी पाहता आली. हे काम संपत आले असताना पाउंड यांनी एलियटना एका पत्रात काही विनोदी पद्यपंक्ती लिहून पाठवल्या होत्या. कवितेची प्रसूती अवघड होती आणि सुईणीचे काम, शस्त्रक्रियेसह, आपण केले, अशी थट्टा त्यांत आहे. एलियटना त्या ओळी इतक्या आवडल्या की त्या कवितेच्या आरंभी छापाव्या, अशी इच्छा त्यांनी कळवली. तसे झाले नाही. त्या जागी 1925 च्या आवृत्तीपासून पाउंड यांच्या नावाने अर्पण आले, आणि त्यासाठी एलियटनी दान्तेच्या महाकाव्यातून एका कवीने दुसऱ्या कवीविषयी काढलेले शब्द घेतले: 'अधिक चांगला कारागीर'.