सदाफुली, नरक्या आणि काढ्याचा मोह

गोव्यात तुळशीवृंदावनाजवळ, कुंपणाकडेला, देवळाच्या आवारात सदाफुली हमखास दिसते. मूळची ती मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिचा अर्क उंदरांवर तपासला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात! त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टीन हाती आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही दिले जाते.

पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढून वेगळी करणारे सूक्ष्म तंतू ट्युब्युलिन या प्रथिनापासून बनतात. हे औषध ते तंतू बनूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते. बोटे बधिर होतात ती त्यामुळेच. टनभर वाळक्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन निघते जेमतेम काही ग्रॅम, आणि ते द्यायचे फक्त शिरेतून, मोजून.

दुसरी वनस्पती आपल्या सह्याद्रीतली, नरक्या. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळे केले ते अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी नंदुरबारचे. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाच्या शोधातही त्यांचा वाटा आहे. आपल्याकडे हे नाव शाळेतल्या मुलांना ठाऊक असायला हवे. नरक्यातही तेच द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये दिसून आले.

पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते, तेव्हा दोरीला पडावा तसा त्याला पीळ पडतो. तो सोडवणारे विकर कॅम्प्टोथेसिन जखडून टाकते. तरीही १९७० च्या दशकातल्या रुग्णचाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण मूळ द्रव्याने मूत्राशयातून रक्तस्राव आणि जीवघेणे जुलाब होत. रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे अमेरिकेत मान्य व्हायला १९९६ उजाडले. झाडातला रेणू आणि रुग्णाचे औषध यांत तीस वर्षे गेली, ती याच कामात.

म्हणूनच बांबोळीला, गोव्याच्या सरकारी इस्पितळात, केमोसाठी जाणाऱ्यांच्या घरी सदाफुलीचा किंवा लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सुचवणारे संदेश पोचतात, तेव्हा जीव कासावीस होतो. काढ्यात कोणते द्रव्य किती उतरले हे मोजलेले नसते. लक्ष्मणफळातील ॲनोनासिन चेतापेशींना घातक ठरू शकते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. केमोमुळे आधीच उतरलेल्या पांढऱ्या पेशी सदाफुलीने आणखी उतरल्या, तर साधा संसर्गही जिवावर बेततो. घरात कुणी असा काढा घेत असेल, तर पुढच्या केमोआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

नरक्याचा प्रश्न वेगळा आहे. द्रव्यासाठी त्याची झाडे मुळासकट तोडली गेली. आता लागवड करून किंवा नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीकडून ते मिळवता येईल का, यावर संशोधन चालू आहे.