आईवरचा आळ

गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुण मुलाला घेऊन आलेल्या आईच्या मनात एक प्रश्न असतोच: 'माझं काय चुकलं?' तोवर कित्येकदा घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक, करून झालेला असतो, देवाला कौल लावून झालेला असतो, आणि 'आईनेच लाडावून ठेवला' असं शेजारचं कुणीतरी बोलूनही गेलेलं असतं. पण हा आळ एकट्या शेजाऱ्यांचा नाही. एके काळी तो जाणत्या तज्ज्ञांनीच घातला होता. तो कसा आला आणि कसा उतरला, हे या घरांपर्यंत पोचायलाच हवं.

स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिलं. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. यात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, भ्रम होतात. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी या आजारासाठी लेकराला झिडकारणाऱ्या आणि तरीही मुठीत ठेवणाऱ्या आईकडे बोट दाखवलं. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी 'दुहेरी पेच' मांडला. 'तुला हवं ते कर' असं तोंडाने म्हणायचं आणि मुलाने ते केलं की दिवसभर अबोला धरायचा. अशा कात्रीत वाढलेल्या मुलाचं वास्तवाचं भान सुटतं, असा तो विचार.

पण ही घरं पाहिली गेली ती मूल आजारी पडल्यानंतर. आईचा ताण आजारामुळे आला की आजार ताणामुळे, हे त्यातून कसं ठरणार? १९६६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ लेनर्ड हेस्टन यांनी अमेरिकेत वेगळी वाट धरली. स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांची ४७ मुलं जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून दूर वाढली होती. मोठेपणी त्यांतल्या ५ जणांना हा आजार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या ५० जणांत एकालाही नाही. ज्या आईने वाढवलंच नाही, तिच्या वाढवण्याला दोष कसा द्यायचा?

तरीही घराचा संबंध संपला नाही, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच टप्पा. लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन यांना दिसलं की इस्पितळातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण पुन्हा जास्त आजारी पडतात. १९७२ च्या अभ्यासात १०१ रुग्ण होते. ज्या घरांत टोमणे, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी होती, तिथे नऊ महिन्यांत ५८ टक्क्यांचा आजार उलटला. इतर घरांत १६ टक्क्यांचा. प्रश्न आता आजार कुणी दिला हा राहिला नाही. घरी परतलेला माणूस सावरतो कशाने, हा झाला. पुढे चंडीगडच्या अभ्यासात अशा तापलेल्या घरांचं प्रमाण लंडनच्या साधारण निम्मंच निघालं.

दुसरा धागा आजारी माणसाच्या विचारप्रक्रियेचा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रिथ यांनी १९९२ मध्ये मांडलं की मनातल्या मनात आपण जे बोलतो ते आपलंच आहे ही खूण मेंदूत हरवली, तर तोच आवाज परका होऊन ऐकू येतो. फिलिपा गॅरेटी आणि सहकाऱ्यांनी रंगीत मण्यांच्या प्रयोगात पाहिलं की भ्रम असलेले लोक इतरांपेक्षा कमी पुराव्यावर निष्कर्षाला पोचतात.

इथे मला गोव्यातल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेले पाद्री आणि संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया आठवतात. संमोहनाची झोप तेव्हा मानत तशा कुठल्या चुंबकी द्रवाने येत नाही, ती त्या माणसाच्याच मनातून उमलते, असं त्यांनी पॅरिसमध्ये ठामपणे सांगितलं. त्यांचा अभ्यास या आजाराचा नव्हता, पण बाहेरच्या शक्तीऐवजी मनाच्या कामाकडे पाहण्याची नजर तीच. पणजीत आल्तिनोवर पोर्तुगीज अमदानीत, १९५७ साली, सुरू झालेल्या मनोरुग्णालयाला त्यांचंच नाव होतं. बांबोळीची आजची संस्था त्याचंच पुढचं रूप.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोवा, सातारा आणि तामिळनाडूतले २८२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित आरोग्यसेवक काही रुग्णांच्या घरी जात, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलत, औषधं चुकू नयेत म्हणून मदत करत. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण थोडी अधिक कमी झाली. फरक माफक होता, पण तो पडला घरात बसून, घरच्यांना सोबत घेऊन.