स्कॅरब म्हणजे शाप? नाही हो!

इजिप्तचा स्कॅरब म्हणजे माणूस खाणारा किडा, थडग्यातला शाप, घरात ठेवू नका वगैरे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतायत, आणि त्याचं मूळ बरंचसं हॉलिवूडमध्ये आहे. खरा स्कॅरब म्हणजे शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगा, मांसाशी त्याला घेणंदेणं नाही. इजिप्शियन लोकांना त्यात सूर्य आकाशातून ढकलणारा देव खेप्री दिसला, म्हणून तो पुनर्जन्माचं चिन्ह.

आणि या भुंग्याच्या आकाराचे कोरलेले ताईत, त्यांनाही स्कॅरबच म्हणतात, फक्त मेलेल्यांसाठी नव्हते बरं का. जिवंत माणसं ते अंगठीत, दोऱ्यात घालायची, म्हणून तर लांबीत आरपार भोक असतं, आणि खालच्या सपाट बाजूला नाव कोरलं की तोच शिक्का. इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळात (सुमारे चार हजार वर्षांपूर्वी) जांभळ्या अ‍ॅमेथिस्टचे सुंदर स्कॅरब बनले, तो दगड आस्वानजवळच्या वादी अल-हुदीतून यायचा, पण बहुतेक स्कॅरब स्टिएटाइट नावाच्या साध्या मऊ दगडाचे, वर चकाकी दिलेले.

थडग्यातला खास प्रकार म्हणजे हृदय-स्कॅरब, बहुधा हिरव्या दगडाचा. त्यावरच्या मंत्रात शाप नाही, मेलेला माणूस स्वतःच्या हृदयाला विनवतो की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. काहींवर तर नावाची जागा कोरीच, म्हणजे रेडिमेड माल!

अजून एक, स्कॅरबवर थुटमोस तिसरा या फॅरोचं (इजिप्तच्या राजाचं) नाव दिसलं म्हणून तो स्कॅरब त्याच्याच काळातला समजू नका, ते नाव शुभ मानून पुढे कितीतरी शतकं कोरत राहिले.