अवयव प्रत्यारोपणाचा कायदा देणाऱ्याला कसा जपतो

नाशिकमध्ये पतीला मूत्रपिंड द्यायला निघालेल्या एखाद्या पत्नीची फाइल उघडली, तर तिच्यात दोन निराळ्या जगांतले कागद एकत्र लावलेले दिसतात. आधी रक्तगट, ऊतीजुळणीचा अहवाल, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन. आणि त्यांच्याच मागे रेशनकार्ड, विवाहनोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरा-नवरीचा, कडा पिवळ्या पडलेला फोटो. हा फोटो कोणी हौसेने लावलेला नसतो. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत तो नात्याचा पुरावा म्हणून धरला आहे, आणि असा पुरावा मागण्याची वेळ का आली याचे उत्तर बऱ्याच अंशी एका औषधाच्या इतिहासात सापडते.

मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण 1954 मध्ये बॉस्टनमध्ये झाले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांच्या पेशींवरच्या खुणा तंतोतंत सारख्या असल्याने घेणाऱ्याच्या प्रतिकारशक्तीने नव्या अवयवाला परके मानले नाही. पुढची कित्येक वर्षे चांगले यश मिळायचे ते मुख्यतः रक्ताच्या नात्यातच. सख्ख्या भावंडांत या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आई-वडील आणि मुले यांच्यात त्या निम्म्या जुळतातच, पण नवरा-बायकोत त्या जुळण्याचे काही कारण नसते. 1980 नंतर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध वापरात आले आणि परक्याचे मूत्रपिंडही टिकू लागले. हजारो रुग्णांना त्यातून आयुष्य मिळाले, यात शंका नाही. पण निसर्गाने घातलेली आडकाठी निघताच बाजाराला वाट मिळाली, आणि कर्जात बुडालेली माणसे मूत्रपिंड विकू लागली.

आरोग्य हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्याने संसदेला असा कायदा आपणहून करता येत नव्हता. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, त्यावरून 1994 मध्ये कायदा झाला आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून या राज्यांत लागू झाला. 2011 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली.

कायद्याने ‘जवळचा नातेवाईक’ या शब्दांची व्याख्या केली आहे: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आणि 2011 च्या दुरुस्तीपासून आजी-आजोबा व नातवंडे. आपल्याकडे मामा, आत्या, मावशी, भाचा, सून ही नाती दूरची मुळीच नव्हेत, परंतु कायद्याच्या लेखी ती या यादीबाहेर आहेत. भाच्याला मामासाठी मूत्रपिंड द्यायचे असेल, तर दोघांना प्राधिकार समितीपुढे जावे लागते. हे दान केवळ जिव्हाळ्यापोटी किंवा तशाच विशेष कारणाने होत आहे, कोणाच्या दडपणामुळे किंवा पैशासाठी नव्हे, याची खात्री समितीने करून घ्यायची असते, आणि त्या मुलाखतीचे चित्रीकरण होते. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला डॉक्टर या समितीवर बसू शकत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला जिवंतपणी अवयव देण्याची सर्वसाधारणपणे परवानगीच नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्त्री दात्यांविषयीची तरतूद. दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती यांची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी, असे नियम सांगतात. घरातले मूत्रपिंड द्यायची वेळ आली की नजरा आई, बायको किंवा बहिणीकडेच वळतात, हे नियम करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते असे दिसते. मात्र ‘सगळ्यांनी ठरवले आहे’ आणि ‘मी ठरवले आहे’ यांतला फरक काही मिनिटांच्या मुलाखतीत कितपत कळत असेल, हा प्रश्न उरतोच.

वैद्यकीय बाजूनेही दात्याचाच विचार आधी होतो. दोन मूत्रपिंडांत फरक असेल तर सरस असलेले दात्याकडे ठेवायचे, हा शल्यविशारदांचा नियम. दोन्ही सारखी असतील तर बहुधा डावे काढतात, कारण त्याची शीर लांब असते आणि ती जोडायला सोपी जाते. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. एक मूत्रपिंड गेल्यावर दुसऱ्यात नव्या गाळण्या तयार होत नाहीत. आहेत त्याच आकाराने वाढतात आणि काही महिन्यांत पूर्वीच्या एकूण कामाच्या सुमारे 70 टक्के भार उचलतात. निरोगी माणसाला एवढे पुरते. तरीही दानानंतर गरोदर राहणाऱ्या स्त्रीला रक्तदाबाचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते, आणि हे तरुण दात्रीला आधीच सांगायला हवे.

अवयवाची खरेदी-विक्री केल्यास पाच ते दहा वर्षे कैद आणि 20 लाख ते एक कोटी रुपये दंड होऊ शकतो, आणि यात विकत घेणारा, दलाल, जाहिरात करणारा यांच्याबरोबर विकणाराही येतो. नाडलेला माणूसच गुन्हेगार ठरणार असेल, तर तो तक्रार करायला पुढे कसा येईल? शिवाय न्यायालय दखल घेते ती समुचित प्राधिकरणाच्या, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, तक्रारीवरून, किंवा त्याला किमान 60 दिवसांची नोटीस देऊन एखाद्याने स्वतः केलेल्या तक्रारीवरून. कायद्याचा हा कोपरा दुबळा आहे. दात्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणे मात्र ‘मोबदला’ ठरत नाही, हे अनेकांना माहीत नसते.

मृत दात्याचे रक्षण करायचे तर आधी मृत्यू कशाला म्हणायचे ते पक्के करावे लागते. मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार बसलेला तरुण आयसीयूत आहे असे समजा. त्याची छाती वरखाली होते आहे, हात उबदार लागतो, मॉनिटरवर नाडी चालू आहे, आणि डॉक्टर म्हणतात की तो गेला. हृदयाला ठोके देणारी यंत्रणा हृदयातच असल्याने प्राणवायू मिळेपर्यंत ते चालत राहते. श्वासाचा हुकूम मात्र मेंदूच्या देठातून सुटतो, आणि तो देठच मेल्यावर श्वास घेते ते व्हेंटिलेटर.

हे नुसत्या अंदाजाने ठरवता येत नाही. गुंगीच्या औषधांचा अंमल नाही आणि शरीर थंड पडलेले नाही याची खात्री झाल्यावर बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाची वात लावतात, कानात थंडगार पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहतात, घशाला स्पर्श करतात. शेवटी प्राणवायू भरपूर देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी 40 मिलिमीटरच्या आसपास असतो. तो 60 च्या वर गेला तरी छाती हलली नाही, तर मेंदूचा देठ श्वासाची हाक ऐकण्यापलीकडे गेलेला असतो. या सगळ्या चाचण्या किमान सहा तासांनी पुन्हा कराव्या लागतात. मेंदूच्या देठाच्या मृत्यूच्या दाखल्यावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, आणि त्यांतल्या कोणाचाही प्रत्यारोपणाशी संबंध नसावा लागतो.

त्यानंतर रुग्णालयाचा प्रत्यारोपण समन्वयक अवयवदानाविषयी नातेवाइकांशी बोलतो. त्यांनी होकार दिला, तर दाखला झाल्यापासून पुढचा अवयव राखण्याचा आणि काढण्याचा खर्च त्यांच्यावर टाकता येत नाही. नाशिक पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राच्या कक्षेत येते, त्यामुळे प्रतीक्षायादी पाहून अवयव कोणाला द्यायचा हे तिथून ठरते. बर्फाच्या पेटीत मूत्रपिंड चोवीस तासही तग धरते, हृदय मात्र जेमतेम चार तास. पुण्याचे अंतर सुमारे 210 किलोमीटर आणि वाटेत सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकणची वाहतूक, म्हणून पोलिसांना रस्ता मोकळा करून द्यावा लागतो. इकडे अपघाताचे प्रकरण असल्याने पंचनामा आणि शवविच्छेदन चुकत नाही. न्यायवैद्यक डॉक्टर अवयव काढतानाच हजर राहिले, तर टाके घातलेला देह त्याच शस्त्रक्रियागृहातून घरच्यांच्या हाती देता येतो आणि अमरधामकडे निघण्यासाठी त्यांना शवागाराबाहेर पुन्हा ताटकळावे लागत नाही.