एका मुलीची चार नावे : अल्पवयीन माता आणि सरकार

सरकारी कागदांत या मुलीला वेगवेगळी नावे आहेत. आरोग्य खात्याच्या लेखी ती जोखमीची गरोदर माता. पोलिसांच्या कागदांत ती पीडिता. बाल न्याय कायद्यापुढे ती ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’. आणि वर्तमानपत्रांत, विशेषतः यवतमाळकडच्या बातम्यांत, ती कुमारी माता. मुलगी एकच, पोटातले बाळही एकच. पण कोणते नाव आधी लागले त्यावर पुढे तिच्या घरी पोषण आहार येणार की पोलिसांची गाडी, हे ठरते. अल्पवयीन मातांच्या आयुष्यात सरकारने पडावे की नाही हा वाद सध्या जोरात आहे. खरे तर सरकार त्यात कधीचेच पडले आहे. फक्त ते कोणत्या दाराने आत आले, तेवढे पाहायचे राहते.

‘कुमारी माता’ हा शब्द यातला सर्वांत फसवा. तो वय सांगत नाही, लग्न झालेले नाही एवढेच सांगतो. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातल्या आदिवासी मुलींचा प्रश्न गाजला तेव्हा हाच शब्द रूढ झाला. बाहेरून आलेल्या पुरुषांनी फसवून सोडून दिलेल्या या मुली-बायका होत्या. त्यांत अठराच्या आतल्या होत्या तशा पुढच्याही होत्या. घोषणा झाल्या त्या सगळ्यांना एकाच टोपलीत घालून. उलट सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेली, सतराव्या वर्षी बाळंत झालेली मुलगी या शब्दात कुठेच बसत नाही, कारण तिच्या गळ्यात मंगळसूत्र असते. संख्येने मात्र तीच जास्त.

जुना इतिहास थोडक्यात. १८६३ मध्ये पुण्यात, लग्नाबाहेर गरोदर राहिलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी, बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले आणि १८७५ मध्ये पंढरपुरात तसेच एक. दोन्ही समाजातल्या माणसांनी काढली. त्या काळात सरकारचा हात अशा बाईपर्यंत पोचायचा तो मूल मारल्याच्या खटल्यातून. मूल जगावे आणि आईही जगावी ही सोय खाजगी, शिक्षा तेवढी सरकारी. ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे, पुढे ती वेष बदलून परत येते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. त्यावर पुण्यात काय रण माजले ते शाळेतच शिकवले जाते, पुन्हा सांगत नाही. एवढेच की भांडण गर्भाधानाच्या संस्कारावरून झाले, पण गर्भ राहिल्यावर त्या मुलीचे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या सभांत जवळजवळ आला नाही. हिंदुस्थानात काम करणाऱ्या काही स्त्री-डॉक्टरांनी सरकारला निवेदन देऊन मुलींच्या शरीरावर काय गुदरते ते लिहून कळवले होते, तेवढाच अपवाद. आणि ‘संमतिवय’ या शब्दातली संमती कधी कोणी मुलीला विचारली नाही. हा शब्द तेव्हापासून तसाच पोकळ चालत आला आहे.

१९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. तिन्ही वेळा सरकारने लग्नाला हात घातला, लग्नानंतरच्या बाळंतपणाला नाही. एक वाट तर मुद्दाम मोकळी ठेवली होती. बायको पंधराची झाली की नवऱ्याचा संबंध हा गुन्हा नाही, असा अपवाद दंडसंहितेत होता. त्यामुळे लग्न बेकायदा, पण त्यातून आलेले मातृत्व बिनगुन्ह्याचे, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. लग्न रद्द झाले तरी मूल औरसच राहील, त्याचा ताबा आणि पोटगी न्यायालय ठरवील, असे लिहिले. अल्पवयीन आईला आई म्हणून नजरेसमोर ठेवणाऱ्या थोड्या तरतुदींपैकी ही एक. तिची चर्चा मात्र कुठे ऐकू येत नाही.

मग आला पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून अठराच्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक ठरली आणि तिच्या संमतीला कायद्यात काही अर्थ उरला नाही. आजचा सगळा गुंता या कायद्याच्या दोन कलमांतून निघतो.

एक कलम १९. गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवणे हाही गुन्हा. पोट दिसू लागलेली सतरा वर्षांची मुलगी समोर बसली की डॉक्टरला आणखी काय कळायचे राहिले? म्हणजे तपासणीची खोली आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये भिंतच उरली नाही. दुसरे कलम ५ मधले एक उपकलम. त्यावर बोलले जाते त्याहून कितीतरी जास्त बोलले पाहिजे. मुलीला गर्भ राहिला की गुन्हा आपोआप ‘गंभीर’ वर्गात जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या वर्गाची किमान शिक्षा २० वर्षे आहे. किमान, म्हणजे न्यायाधीशाला त्याखाली उतरता येत नाही. नात्यातल्या पुरुषाने केलेल्या अत्याचारातून राहिलेला गर्भ आणि एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर पळून जाऊन मांडलेल्या संसारातला गर्भ, दोन्हींना मापटे एकच. पहिल्या मुलीला हे कलम वाचवते, यात शंका नाही. दुसरीच्या बाळाचा बाप ते बाळ विशीत पोचेपर्यंत तुरुंगात राहतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांचा तो अपवाद अठरापर्यंत वर ओढला आणि २०२४ च्या जुलैपासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तेच कायम केले. निकाल योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम असा की मंगळसूत्र घातलेली आणि न घातलेली या दोघींतला फरक फौजदारी कायद्यापुरता पुसला गेला. समाजात तो होता तिथेच राहिला.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे २०२३ च्या फेब्रुवारीत आसाममध्ये दिसले. बालविवाहांविरुद्ध मोहीम निघाली, जुनी लग्ने उकरून तीन हजारांवर लोकांना अटक झाली. समर्थनाला दाखवले गेले ते कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचे आकडे. नवरा आत गेलेल्या गरोदर मुली दवाखान्यात जायला घाबरू लागल्या, घरीच बाळंत होऊ लागल्या. या अटकांनी लोकांच्या खाजगी आयुष्यात हाहाकार माजवल्याचे उच्च न्यायालयालाही म्हणावे लागले. माता वाचवण्यासाठी काढलेली मोहीम मातांनाच दवाखान्यापासून लांब नेते, याहून मोठा पुरावा काय हवा?

तरीही सर्वांत जास्त खल झाला तो एका वेगळ्या खटल्यावर, आणि तो होणे साहजिकही होते. पूर्वेकडच्या एका राज्यातली चौदा वर्षांची मुलगी २०१८ मध्ये पंचवीस वर्षांच्या पुरुषाबरोबर घरातून गेली. तिला मूल झाले. खालच्या न्यायालयाने त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले, आणि सोडताना किशोरवयीन मुलींनी आपल्या इच्छांवर ताबा ठेवावा असा उपदेशही केला. त्या उपदेशाने देशभर संताप उसळला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम केली. उपदेश खोडून निघाला, इथपर्यंत सगळे सरळ.

पण न्यायालय तिथे थांबले नाही. शिक्षा काय द्यायची हे ठरवण्याआधी या मुलीला, आता ती सज्ञान झाली होती, काय हवे आहे हे तज्ज्ञांच्या समितीने तिच्याशी बोलून सांगावे, असा आदेश दिला. समितीला आढळले ते असे : घडलेल्या गोष्टीपेक्षा त्यानंतरचे पोलीस, कोर्टाच्या फेऱ्या आणि त्या माणसाला सोडवण्यासाठी झालेले कर्ज यांनी तिला जास्त चिरडले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली विशेष अधिकार वापरून दोषी ठरवलेल्या माणसाला शिक्षा न देण्याचे ठरवले. राज्य सरकारला तिच्या आणि मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यायला सांगितले. आणि हा निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरायचा नाही, असेही लिहून ठेवले.

टीका दोन्हीकडून झाली. चौदा आणि पंचवीस, या अंतराला प्रेम म्हणायचे तर कायदा कशाला केला, असे एका बाजूचे म्हणणे; ते हसण्यावारी नेता येणार नाही. दुसरी बाजू म्हणाली की एकीला दिलासा द्यायला सर्वोच्च न्यायालयाला आपला ठेवणीतला अधिकार काढावा लागतो, तर बाकीच्यांनी जायचे कुठे? माझे मत या दुसऱ्या बाजूकडे झुकते. पण मला या निकालातली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गुन्ह्याची खबर मिळाल्यावर चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचे, हे त्याच १९ व्या कलमाच्या पोटात लिहिलेले आहे; पुढे मुलीच्या काळजीचे आणि पुनर्वसनाचे समितीने पाहायचे, हे बाल न्याय कायद्यात. न्यायालयाने बोट ठेवले ते यावर. कळवायची सक्ती सगळीकडे पाळली गेली, सांभाळायची सक्ती तिच्या बाबतीत कोणीच पाळली नाही. १८६३ ची वाटणी ती हीच.

डॉक्टरांसाठी २०२२ मध्ये एक फट उघडली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, मुलीची आणि पालकांची तशी विनंती असेल तर, पोलिसांना दिलेल्या खबरीत घालण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बाळ ठेवू पाहणाऱ्या मुलीला या सवलतीचा उपयोग नाही. विधी आयोगाने २०२३ मध्ये संमतीचे वय अठराच्या खाली आणू नये असे सुचवले, मात्र सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशाला मोकळीक द्यावी असेही म्हटले. हा वाद आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि केंद्राचा वय उतरवायला विरोध आहे.

आकडे उतरत आहेत, हे नमूद केले पाहिजे. १५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचे प्रमाण देशात २००५-०६ च्या पाहणीत १६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ६.८ टक्के. महाराष्ट्र मात्र ७.६ टक्क्यांवर, देशाच्या सरासरीच्या वर. ऊसतोडीच्या पट्ट्यात ‘कोयता’ म्हणजे जोडपे, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती जोडप्याला, म्हणून लग्ने लवकर लागतात, हे माहीत असलेल्याला याचे नवल वाटणार नाही.

उरल्या योजना. गरोदरपणाच्या मदतीला सरकारने बराच काळ वयाचे कुंपण घातले होते. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत १९ वर्षे पुरी झालेली असावी लागत; ती अट २०१३ मध्ये गेली. २०१० च्या मातृत्व सहयोग योजनेतही १९ चीच अट होती. कारण दिले जाई की लहान वयातल्या बाळंतपणाला बक्षीस नको. सध्याच्या मातृवंदना योजनेत किमान वय १८ वर्षे ७ महिने आहे. २०२३ मध्ये निर्भया निधीतून ७४.१० कोटी रुपयांची एक योजना आली, अत्याचारातून गरोदर राहिलेल्या आणि घरच्यांनी टाकलेल्या मुलींसाठी. तिच्या नियमांत लिहिले आहे की मदतीसाठी मुलीकडे एफआयआरची प्रत असण्याची सक्ती नाही. आणि लगेच पुढे, पोलिसांना कळवून एफआयआर नोंदवला जाईल हे पाहणे योजना राबवणाऱ्यांची जबाबदारी आहे.

महाराष्ट्रातल्या खेड्यात ही जबाबदारी शेवटी कोणाकडे येते? ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. लग्न थांबवायचे तिनेच, न थांबल्यास कळवायचे तिनेच, आणि सहा महिन्यांनी त्याच घराच्या दारात पोषण आहाराची पाकिटे घेऊन, बाई, वय काय तुझे, असे विचारायचेही तिनेच. उत्तर बहुतेक वेळा एकोणीस असे येते. ती तसेच लिहून घेते.