पोमोडोरो आणि टाइम ब्लॉकिंग: कोणत्या अडचणीवर कोणता उपाय

महत्त्वाच्या कामाला वेळ मिळत नाही अशी तक्रार केली की बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो: पोमोडोरो वापरा, नाहीतर टाइम ब्लॉकिंग करा. दोन्हींत घड्याळ लावून एका वेळी एकच काम करायचे असते, म्हणून त्या एकच पद्धती समजल्या जातात. प्रत्यक्षात त्या दोन निराळ्या अडचणींवरचे उपाय आहेत.

पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को सिरिलो याने इटलीत विद्यार्थी असताना, 1980च्या दशकाच्या अखेरीस, स्वतःच्या अभ्यासासाठी बसवली. स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून तिला ते नाव मिळाले. 25 मिनिटे काम, पाचेक मिनिटे विश्रांती आणि चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी, एवढेच सहसा सांगितले जाते. खरी गोम मात्र व्यत्ययांच्या नियमांत आहे. मध्येच एखाद्या फोनची आठवण झाली तर ती कागदावर टिपून हातातले काम चालू ठेवायचे, कोणी समोर येऊन उभे राहिले तर फेरी संपल्यावर बोलू असे सांगायचे, आणि तरीही उठावेच लागले तर ती फेरी बाद धरून नव्याने सुरुवात करायची. अर्धी फेरी हिशेबात धरली जात नाही. व्यत्ययांची खूण त्या त्या वेळी कागदावर केलेली असल्याने, लक्ष इतरांनी किती वेळा मोडले आणि आपण स्वतः किती वेळा, हे संध्याकाळी लख्ख दिसते.

टाइम ब्लॉकिंगमध्ये दिवसाचे तास आधीच कामांना वाटून दिलेले असतात. अमेरिकी मुत्सद्दी आणि मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रात असे वेळापत्रक आहे: पाचला उठणे, आठ ते बारा काम, बारा ते दोन वाचन, हिशेब आणि जेवण, दोन ते सहा पुन्हा काम. ते आज हौसेने दाखवले जाते, पण सुव्यवस्था हाच गुण आपल्याला सर्वांत जड गेला, ही त्याच पुस्तकातली कबुली सहसा कोणी दाखवत नाही. ज्याचा वेळ त्याच्या हाती असतो अशा छापखान्यातल्या कारागिराला हे जमू शकेल, परंतु लोकांच्या सोयीने लोकांना भेटावे लागणाऱ्या मालकाला ते काटेकोरपणे पाळता येणार नाही, असे त्याने लिहिले आहे.

महाविद्यालयात शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापिकेचे उदाहरण घेतले तर फरक स्पष्ट होतो. तिने दिवसभरात आठ फेऱ्या चोख पूर्ण केल्या, पण त्या सगळ्या उत्तरपत्रिका आणि समितीच्या अहवालात गेल्या, तर प्रबंध जिथल्या तिथेच राहतो. कारण हाती कोणते काम घ्यावे, हा निर्णय टायमर करत नाही. उलट, तिने सकाळी सहा ते साडेसात प्रबंधासाठी राखले, पण शेजारी विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा ठेवला, तर वेळापत्रकात तास दिसतो आणि प्रकरण पुढे सरकत नाही. म्हणून आधी आठवड्याचे वेळापत्रक पाहावे: प्रबंधाला तासच दिलेला नसेल तर ब्लॉक, म्हणजे राखीव वेळ, आखावा, आणि तास देऊनही पाने कोरी असतील तरच फेऱ्यांकडे वळावे.

ब्लॉक कोठे ठेवला यालाही महत्त्व आहे. काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असे सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. त्यामुळे बैठकीला लागून ठेवलेला दीड तासाचा ब्लॉक नावालाच दीड तासाचा असतो. लेखनासाठी 25 मिनिटांची फेरीही मला अपुरी वाटते, कारण विषयाचा धागा हाती लागतो न लागतो तोच गजर होतो. उत्तरपत्रिकांना ती पुरेशी आहे, प्रबंधासाठी मात्र पाऊण तासाची लावावी. प्राचार्यांनी अचानक बैठक बोलावली तर ब्लॉक खोडून टाकू नये, त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या रिकाम्या जागी लगेच हलवावा.