शाळेची वर्गणी आणि राष्ट्राची ओळख

केनियातला बुसिया आणि टांझानियातला मेअतू हे दोन्ही ग्रामीण जिल्हे व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातले. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे अनेक जमातींची सरमिसळ. या दोन देशांमधल्या सरहद्दीची रेघ १८८६ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीने नकाशावर ओढली, तिथे कोण राहतं याची फारशी फिकीर न करता. म्हणून ही जोडी अभ्यासाला मोलाची आहे: दोन्हीकडे फरक दिसला, तर तो बव्हंशी देशाच्या धोरणाचा मानता येतो.

अर्थतज्ज्ञ एडवर्ड मिगेल यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथल्या प्राथमिक शाळांचा स्थानिक निधी तपासला. मिश्रता मोजण्याची रीत सोपी आहे: वस्तीतली कोणतीही दोन माणसं घेतली, तर ती वेगळ्या जमातींची असण्याची शक्यता किती? दोन जमाती निम्म्यानिम्म्या असतील तर ०.५, पाच जमाती समसमान असतील तर ०.८. बुसियात सरासरी मिश्रतेच्या वस्त्यांत शाळेसाठीचा निधी एकाच जमातीच्या वस्त्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होता. मेअतूत हा फरक जवळजवळ शून्य.

घोडं अडतं ते वसुलीत. बाकं, वर्गखोल्या यांचा पैसा पालकांकडून यायचा. वर्गणी थकवणाऱ्याला शाळा समिती चारचौघांत नाव घेऊन सुनावू शकते, पण तो आपल्यातला असेल तरच. दुसऱ्या जमातीच्या माणसाला टोकलं की विषय पैशाचा राहत नाही, जमातीचा होतो. समिती गप्प बसते. एकाचं खपलं हे पाहून दुसराही हात आखडतो, आणि मुलं जमिनीवर बसतात.

टांझानियात शंभराहून अधिक जमाती आहेत. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे यांच्या सरकारने स्वाहिली ही प्राथमिक शिक्षणाची आणि कारभाराची भाषा केली. ती कोणत्याही बलाढ्य जमातीची मायबोली नव्हती, त्यामुळे कुणाला हरल्यासारखं वाटलं नाही. जमातींच्या मुखियांचे वंशपरंपरागत अधिकार १९६३ मध्ये काढून घेतले. शाळा-दवाखान्यांचा पैसा प्रदेशांमध्ये बऱ्यापैकी समान वाटला, आणि आमच्या मते या सगळ्यात हेच कलम सर्वांत वजनदार. वाटपात डावललेल्या माणसाला एकीची गाणी शिकवून काय उपयोग? केनियात मात्र सत्ता आणि सरकारी पैसा जमातीच्या वाटेनेच फिरत राहिला. २००७ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात हजारावर माणसं मेली.

पण याच टांझानियाने १९७० च्या दशकात लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या गावांत हलवलं आणि शेतीची वाताहत झाली. सामाईक ओळखीने वर्गणी जमते, चुकीचं धोरण सुधारत नाही.

राष्ट्राची ही ओळख मोजतानाही एक चूक वारंवार होते. ‘तुम्हाला देशाचा अभिमान आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला, तर देशावरची माया आणि ‘आम्हीच श्रेष्ठ’ ही भावना एकाच आकड्यात मिसळते. मानसशास्त्रज्ञ कॉस्टरमन आणि फेशबाक यांनी १९८९ मध्येच या दोन्ही वेगळ्या मोजून दाखवल्या. शिवाय ‘आधी तुम्ही कोण, जमातीचे की देशाचे?’ हेही वेगळं विचारावं लागतं.